चौथ्या मजल्यावरची आग आणि पटवाऱ्याची बेरीज

२१ जून २०१२, गुरुवार. दुपारी अडीच-पावणेतीनच्या सुमारास मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर धूर दिसला आणि पाहता पाहता आग पाचव्या-सहाव्या मजल्यावर पोहोचली. सहाव्या मजल्यावर मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आणि उपमुख्यमंत्री अजित पवार यांची दालने होती, तीही आगीच्या तडाख्यात सापडली. खिडक्यांबाहेरच्या सज्ज्यांवर उभी राहून सुटकेची वाट पाहणारी माणसे त्या दुपारी साऱ्या राज्याने दूरचित्रवाणीवर पाहिली. पाच जणांचा जीव गेला.

माणसे गेली त्याला उपाय नव्हता. कागद मात्र परत आणता येतील का, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी उभा राहिला. आगीआधीच मंत्रालयात फायली स्कॅन करण्याचे काम सुरू झाले होते आणि लाखोंच्या संख्येने पाने संगणकावर चढली होती, म्हणून तेवढी वाचली. जे स्कॅन झाले नव्हते त्यासाठी खालच्या कार्यालयांकडे वळावे लागले: आयुक्तालये, जिल्हाधिकारी कार्यालये, तहसील. मंत्रालयापासून शेकडो किलोमीटर लांब, पैनगंगेच्या खोऱ्यातल्या उमरखेडच्या तहसीलीतून कधीकाळी वर गेलेला एखादा प्रस्ताव तिथे जळाला असेल, तरी त्याची स्थळप्रत खाली कुठेतरी असणार, हा त्यामागचा भरवसा.

सरकारी नस्तीची रचना ज्यांना माहीत आहे त्यांना या भरवशाची मर्यादाही कळेल. नस्तीला दोन अंगे असतात. पत्रव्यवहाराच्या अंगातली पत्रे दोन टोकांना असतात, पाठवणाऱ्याकडे स्थळप्रत आणि घेणाऱ्याकडे मूळ. टिप्पणीचे अंग मात्र एकच. कारकुनाने काय सुचवले, अवर सचिवाने कुठे हरकत घेतली, मंत्र्याने काय शेरा मारला, हे सारे एकाच ठिकाणी, एकाच प्रतीत. पुनर्बांधणी झाली तरी निर्णय परत मिळतो, निर्णयामागचा वाद मिळत नाही. शिवाय मुळात कोणते पत्र अस्तित्वात होते, हे कळण्यासाठी आवक-जावक नोंदवही हाताशी लागते. ती गेली तर काय शोधायचे हेच कळत नाही.

जे एका ठिकाणी नष्ट झाले ते दुसऱ्या ठिकाणच्या उरल्यासुरल्या साक्षींवरून परत उभे करायचे, हे काम सर्व्हरच्या बिघडलेल्या डिस्का दुरुस्त करणारे लोक रोज करतात. आपल्याकडच्या महसुली दप्तरात तीच युक्ती शंभर-दीडशे वर्षांपासून होती आणि ती समजून घ्यायला उमरखेडइतके चांगले गाव मला दुसरे दिसत नाही.

कारण उमरखेडच्या दप्तराने जेवढी राज्ये बदलली तेवढी फार थोड्या गावांनी बदलली असतील. आधी निजामाचा अंमल. १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला तेव्हा पैनगंगा सरहद्द ठरली. नदीच्या अलीकडे इंग्रजी कारभार, पलीकडे हदगाव-नांदेडच्या बाजूला निजामी, तो थेट सप्टेंबर १९४८पर्यंत. अलीकडचा पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ साली वणी जिल्ह्याची फेररचना होऊन यवतमाळ जिल्हा झाला तेव्हा पुसद त्यात आला आणि पुसदाबरोबर उमरखेडचा मुलूखही. त्याआधी दोनच वर्षे वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला होता. १९५०मध्ये या प्रांताचा मध्य प्रदेश झाला, १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. प्रत्येक बदलात नमुने बदलले, लिपी बदलली, दप्तराचा पत्ता बदलला. म्हणून विदर्भात जमिनीचा जुना वाद निघाला की वकील १९५४-५५चे अधिकार अभिलेख मागतात. ते मध्य प्रदेशाच्या काळातले आहेत. आणि तलाठी हे पद रूढ होऊन इतकी वर्षे झाली तरी इकडे लोकांच्या तोंडी अजून पटवारीच आहे.

या सगळ्या स्थित्यंतरांतून शेताचे क्षेत्र मात्र फारसे हलले नाही. त्याचे श्रेय १८६०च्या दशकात वऱ्हाडात आणलेल्या मुंबई पद्धतीच्या मोजणीला द्यावे लागते. इंदापूर तालुक्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३०च्या दशकात नवी पद्धत बसवली, १८४७च्या संयुक्त अहवालाने ती पक्की झाली आणि पुढे वऱ्हाडानेही तीच उचलली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, मातीची प्रत आण्यांत, त्यावरून आकार, म्हणजे सारा. गावाचा आकारबंद म्हणजे या सगळ्याचा तक्ता: नंबर, क्षेत्र, आकार आणि खाली दोन बेरजा, एक क्षेत्राची, एक आकाराची. महसूल गळू नये म्हणून त्या बेरजा होत्या. पण बेरीज ही हरवलेल्या आकड्याची साक्षीदारही असते.

गावात चारच शेते आहेत असे धरू. क्षेत्र ३, ५, २ आणि ६ हेक्टर, खाली बेरीज १६. तिसऱ्या शेताची ओळ वाळवीने खाल्ली. सोळातून तीन, पाच आणि सहा वजा केले की दोन उरतात. ओळ परत आली, कुठलीही दुसरी प्रत नसताना. आता दुसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही ओळी गेल्या असे धरा. क्षेत्राच्या बेरजेवरून एवढेच कळते की दोघांचे मिळून ११ हेक्टर. इथे आकाराची बेरीज मदतीला येते. चार शेतांचा दर हेक्टरी अनुक्रमे १, २, ३ आणि ४ रुपये असेल तर आकार ३, १०, ६ आणि २४, बेरीज ४३. प्रतबुकात मातीची प्रत नोंदलेली आहे, म्हणून दर माहीत आहेत. दोन अज्ञात, दोन समीकरणे. दुसरे शेत ५, चौथे ६, उत्तर पक्के. मात्र दोन्ही हरवलेल्या शेतांचा दर सारखा निघाला तर दुसरी बेरीज नवे काही सांगत नाही आणि गाडी तिथेच अडते.

डिस्कांच्या दुनियेतही याच बेरजेचा उपयोग झाला. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी जून १९८८मध्ये शिकागोच्या परिषदेत एक निबंध मांडला. तेव्हा मोठ्या संगणकांना आयबीएमची ३३८० ही अवाढव्य, महागडी डिस्क लागे, तिची क्षमता साडेसात गिगाबाइट. दुसरीकडे वैयक्तिक संगणकांसाठी कॉनर कंपनीच्या १०० मेगाबाइटच्या छोट्या, स्वस्त डिस्का बाजारात आल्या होत्या. एका मोठ्या डिस्कऐवजी अशा बऱ्याच छोट्या एकत्र जोडल्या तर काम वेगाने होईल आणि पैसेही वाचतील, असा त्यांचा विचार. अडचण एकच होती आणि त्यांनी ती स्वतःच आकड्यांत मांडली. एक छोटी डिस्क सरासरी ३०,००० तास चालते. शंभर जोडल्या तर त्यांतली कुठली तरी एक सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत बिघडणार. म्हणून जादा डिस्कांवर बेरीज ठेवायची. या रचनेला त्यांनी रेड असे नाव दिले आणि पाच प्रकार सांगितले. पाचव्या प्रकारात बेरजेची जागा एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर फिरती ठेवली, म्हणजे एकाच डिस्कवर बेरजेचा भार पडत नाही. डिस्कवर आकडे शून्य-एकाचे असल्याने बेरीजही सम-विषमाची: सगळ्या डिस्कांवरच्या त्या जागी एक किती वेळा आला, सम की विषम, एवढेच लिहायचे. मूळ कल्पना त्यांच्याही आधीची होती. नॉर्मन केन औची या आयबीएमच्या अभियंत्याला बिघडलेल्या साठवण-घटकातली माहिती परत मिळवण्याच्या अशाच रचनेचे पेटंट १९७८मध्ये मिळाले होते. दोन डिस्का एकदम गेल्या तरी तग धरणाऱ्या सहाव्या प्रकारात दुसरी, वजन दिलेली बेरीज आली. तिचे गणित आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६०मध्येच करून ठेवले होते. आकारबंदातली सारख्या दरांची अडचण त्यांच्या गणितात येत नाही, कारण तिथे प्रत्येक डिस्कचे वजन वेगळे राहील अशीच निवड केलेली असते.

याच सुमाराला, १९८८-८९मध्ये, केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू केली. महाराष्ट्रातून निवड झाली वर्ध्याची. वर्धा आणि यवतमाळ शेजारी जिल्हे. शिकागोतल्या त्या निबंधाचा आणि वर्ध्यातल्या सातबाराचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण पुढच्या वीस वर्षांत तालुक्यातालुक्यातल्या नोंदी सेतू केंद्रातल्या आणि तहसीलीतल्या संगणकांवर चढल्या आणि मग राज्याच्या माहिती केंद्रातल्या सर्व्हरांवर गेल्या, तेव्हा उमरखेडच्या शेतकऱ्याचा सातबारा अनेक डिस्कांच्या साठवणीवर विसावू लागला होता.

अशी साठवण मरते कशी, हे सांगायला हवे, कारण बहुतेक वेळा ती बिघाडाने मरत नाही, दुर्लक्षाने मरते. तालुक्याच्या गावी कुठल्याही पतसंस्थेत, कारखान्याच्या काटाघरात किंवा कार्यालयात घडू शकेल असा प्रसंग घ्या. पाच डिस्कांचा सर्व्हर आहे. मार्चमध्ये तीन नंबरच्या डिस्कचा दिवा लाल होतो. सर्व्हर थोडा मंदावतो, पण काम चालू राहते, कारण बेरीज तिची उणीव भरून काढत असते. खोली बंद, दिवा कोणी पाहत नाही. जूनमध्ये एक नंबरची डिस्क जाते आणि सगळे थांबते. मग कोणीतरी घाबरून तीन नंबरची डिस्क जबरदस्तीने जोडतो, ज्याला या धंद्यात फोर्स ऑनलाइन म्हणतात. सर्व्हर उठतो. पण त्या डिस्कवरची माहिती मार्चमधली आहे, बाकीच्यांवरची जूनमधली. दोन काळ एकमेकांत मिसळतात आणि ही भेसळ डिस्कांवर लिहिलीही जाऊ लागते. त्यापुढे जितका वेळ सर्व्हर चालू राहील तितके मूळ पुसले जाते.

म्हणून माहिती परत मिळवणाऱ्यांचा पहिला नियम असा, की मूळ डिस्कांवर काही लिहायचे नाही. ते आधी प्रत्येक डिस्कवर खाच-क्रमांक लिहून ती बाहेर काढतात आणि लेखन रोखणाऱ्या यंत्रातून तिची बिट-न्-बिट प्रत घेतात. डिस्कचे हेड गेले असेल तर धूळमुक्त टेबलावर ती उघडून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड तिला बसवतात. पुढचे सारे काम प्रतींवर. कंट्रोलर जळाला असेल तर डिस्कांचा क्रम, प्रत्येक डिस्कवर एका वेळी किती माहिती लिहिली जात होती, बेरजेची जागा कोणत्या दिशेने सरकत होती, यांतले काहीच माहीत नसते. कागदाच्या दुनियेतली आवक-जावक नोंदवही ती हीच. ती पुन्हा रचावी लागते आणि इथे खरे कौशल्य आहे. समजा साठवणीवर फेरफारांच्या नोंदी आहेत. फेरफार क्रमांक चढते असतात. ५१२वी नोंद एका डिस्कच्या पट्ट्याच्या टोकाला तुटते, तर तिचा उरलेला भाग आणि ५१३वी कोणत्या डिस्कवर सुरू होते ते शोधायचे. असे शेकडो सांधे जुळले की क्रम आणि पट्ट्याची लांबी दोन्ही उघड होतात. शिळी डिस्क ओळखण्याचीही रीत आहे. सगळ्या डिस्का एकाच काळातल्या असतील तर कुठल्याही जागी त्या सर्वांची सम-विषम बेरीज शून्य येते. जिथे ती येत नाही तिथे मार्चनंतर काही लिहिले गेले आहे. मग तीन नंबरची डिस्क बाजूला ठेवायची, एक नंबरमधून जे वाचता येईल ते काढायचे आणि जुळणी करायची.

डिस्का मोठ्या झाल्या तसा हा धोका वाढला. साध्या प्रतीच्या डिस्कांवर उत्पादक स्वतः लिहितात की साधारण साडेबारा टेराबाइट वाचताना एखादा भाग वाचता येणार नाही असे होऊ शकते. दोन-दोन टेराबाइटच्या आठ डिस्कांतली एक गेली तर ती पुन्हा घडवायला उरलेल्या सातांवरचे १४ टेराबाइट वाचावे लागते. रीबिल्ड सुरू असतानाच दुसरी डिस्क दगा देते ती यामुळे. वयही एकच असते. एकाच खेपेत आलेल्या, एकाच खोलीत तेवढीच उष्णता सोसलेल्या डिस्का एकामागोमाग जातात. मे महिन्यात विदर्भातल्या बंद खोलीतला उकाडा ज्याने अनुभवला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

या साऱ्या विद्येचा सर्वात थरारक दाखला भारतीयांच्या काळजाला भिडणारा आहे. १ फेब्रुवारी २००३ला कोलंबिया अंतराळयान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात फुटले. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. यानात झेनॉन वायूच्या दाटपणाचा एक प्रयोग सुरू होता आणि त्याची माहिती एका छोट्या डिस्कवर नोंदली जात होती. ती डिस्क अनेक महिन्यांनी एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या पात्रात सापडली. प्लॅस्टिक वितळलेले, आत माती. मिनेसोटातल्या ऑनट्रॅक कंपनीचे जॉन एडवर्ड्स यांनी तिच्या चकत्या स्वच्छ करून नव्या यंत्रात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती बाहेर आली. २००८ साली त्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. यश मिळाले याला एडवर्ड्स यांच्या हातांइतकेच आणखी एक कारण होते. डिस्क साधारण निम्मीच भरलेली होती आणि डॉस या जुन्या प्रणालीने माहिती विखरून न टाकता एका सलग पट्ट्यात लिहिली होती. ओरखडे पडले ते बहुतेक कोऱ्या भागावर. त्या सात जणांच्या मोहिमेतले हे काम वाया गेले नाही, हे वाचताना दर वेळी माझा गळा दाटतो.

आपल्याकडे परतताना एक फरक लक्षात घ्यायला हवा. रेडची बेरीज डिस्क बिघडली तर मदत करते. माणसाने चुकीचे टंकले तर ती चूकही इमानेइतबारे जपते. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना नेमके हेच घडले. दशांश चिन्ह सरकले, एका खातेदाराचे क्षेत्र दुसऱ्यापुढे गेले, इतर हक्कांतला बोजा राहून गेला. सर्व्हर निरोगी, नोंद आजारी. यावर महाराष्ट्राने जो उपाय काढला तो थेट जुन्या आकारबंदातला होता. सातबारावरच्या क्षेत्राची बेरीज आणि आठ-अ या खातेउताऱ्यावरच्या खात्यांची बेरीज जुळते का, गावाचे एकूण क्षेत्र आकारबंदाशी मिळते का, हे संगणकानेच तपासून याद्या काढायच्या. तलाठी त्यांना ओडीसी अहवाल म्हणतात. जिथे बेरीज जुळत नाही तिथे फेरफाराची नोंदवही उघडायची, चूक कोणत्या फेरफारात शिरली ते शोधायचे आणि महसूल संहितेच्या कलम १५५खाली तहसीलदाराच्या आदेशाने ती दुरुस्त करायची. २०१७मध्ये चावडी वाचन झाले. गावकऱ्यांसमोर नोंदी मोठ्याने वाचल्या आणि खातेदारांनी हरकती सांगितल्या. ज्या चुका बेरजेत दिसत नाहीत, म्हणजे दोघांची नावे एकमेकांच्या जागी गेली तर एकूण तेवढेच राहते, त्या अशा वाचनातूनच निघतात. राज्यभर तलाठ्यांनी हे काम सर्व्हर मोकळा असतो म्हणून रात्री जागून केले. त्याची दखल पुरेशी घेतली गेली नाही, असे मला मनापासून वाटते. १ मे २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला तो या जागरणांच्या पायावर.

ही दुरुस्ती शक्य झाली कारण कागद दोन घरांत होता. सातबारा आणि फेरफार महसूल खात्याच्या तलाठ्याकडे. आकारबंद आणि मोजणीचे कागद, म्हणजे गुणाकार बुक आणि टिपण, भूमी अभिलेख खात्याकडे, वेगळ्या कार्यालयात, वेगळ्या साहेबाच्या ताब्यात. इंग्रजांनी ही विभागणी एकमेकांवर नजर ठेवण्यासाठी केली असेल, पण संकटात तीच कामाला आली. आता दोन्ही खात्यांच्या नोंदी संगणकावर एकत्र येत आहेत. त्यांच्या प्रती लांबच्या दुसऱ्या केंद्रात ठेवण्याची व्यवस्था असते आणि असायलाच हवी. तरी जुने कागद स्कॅन झाले की त्यांची गरज संपली, असे म्हणणारे अधिकारी भेटतात तेव्हा मी त्यांना मंत्रालयातल्या टिप्पण्यांची आठवण करून देतो.

माझी मागणी छोटी आणि फारसा खर्च नसलेली आहे. दर वर्षी ३१ जुलैला महसुली वर्ष संपते. त्या दिवशी प्रत्येक गावाच्या क्षेत्राची, आकाराची आणि खातेसंख्येची बेरीज एका पानावर छापावी, त्यावर तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्याने शाईने सही करावी, एक प्रत तहसीलीत ठेवावी आणि दुसरी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे द्यावी. उमरखेड तालुक्यातल्या सगळ्या गावांची ही पाने एका साध्या बस्त्यात मावतील. तो बस्ता तहसीलीच्या इमारतीत न ठेवता दुसऱ्या इमारतीत ठेवावा आणि पैनगंगेला पूर येतो हे लक्षात घेऊन तळमजल्यावर ठेवू नये.